१,६२,००० किलोमीटर चाललेली जीएल : घेण्याआधीचा हिशेब

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते इतरांनाही कळेल. २०१४ सालची मर्सिडीज-बेंझ जीएल ३५० सीडीआय, दुसरा मालक, मीटरवर १,६२,००० किलोमीटर; पुण्यातला जुन्या गाड्यांचा एक विक्रेता तिचे साडेतेरा लाख मागतो आहे. आपण साताऱ्यात राहता, घरात सहा माणसे आहेत, महिन्यातून दोनदा मुंबई आणि वर्षातून तीन-चार वेळा कोकण एवढा वापर होणार आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की मागून डाव्या बाजूला बसते, त्यावर विक्रेत्याचे म्हणणे ‘सुरू केली की हवा भरते आणि उठते’. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली आपल्याला तेलकट ओल दिसली, ती ‘या वयाला चालायचीच’ असेही त्याने सांगितले. गाडी इतकी चाललेली असताना घ्यावी का आणि घेतली तर वर्षाला किती पैसे लागतील, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात जर्मन गाड्यांचेच काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपण किलोमीटरला घाबरला आहात, ती भीती चुकीच्या जागी आहे. आणि साडेतेरा लाखांचा आकडा पाहून निश्चिंत झाला आहात, तो निर्धास्तपणाही चुकीच्या जागी आहे. ही गाडी नवी होती तेव्हा तिची शोरूममधली किंमत सत्तर-पंचाहत्तर लाखांच्या घरात होती. आज ती किंमत पाचव्या हिश्श्याच्याही खाली उतरली आहे, परंतु तिच्या सुट्या भागांची आणि ते बसवायला लागणाऱ्या तासांची किंमत मात्र उतरलेली नाही. भागांची तर वाढलेलीच आहे. साडेतेरा लाखांना घेतलेली ही गाडी दुरुस्तीच्या बिलावर कायम पंचाहत्तर लाखांचीच राहते. चाकणला जोडली जात होती म्हणून भाग स्वस्त मिळतील, असे काही ग्राहक समजतात. ती तिथे जोडली जात होती, घडवली जात नव्हती, आणि जोडायचे बहुतेक सगळे सामान बाहेरूनच येत होते.

आता विश्वासार्हतेविषयी. या गाडीत २९८७ सीसीचे सहा सिलिंडरचे व्ही आकाराचे डिझेल इंजिन आहे. ओएम ६४२ या नावाचे हे इंजिन कंपनीने २००५ पासून अनेक मॉडेलांना बसवले, त्यामुळे त्याचे गुणदोष जगभरच्या मेकॅनिकांना पाठ झालेले आहेत. जीएलमध्ये ते २५८ अश्वशक्ती आणि ६२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. क्रँक, पिस्टन, टायमिंग चेन हा त्याचा गाभा दणकट आहे. ऑइल वेळेवर आणि योग्य दर्जाचे मिळाले तर तीन लाख किलोमीटरपर्यंत इंजिन खोलायची वेळ न आलेल्या गाड्या माझ्याकडे नियमित येतात. म्हणून १,६२,००० हा आकडा या इंजिनाच्या दृष्टीने मध्यान्हीचा आहे, संध्याकाळचा नव्हे. अडचण येते ती या लोखंडी गाभ्याभोवती असलेल्या रबर, प्लॅस्टिक आणि वायरिंगची. त्या वस्तूंना किलोमीटर मोजता येत नाहीत, त्या उष्णता आणि वर्षे मोजतात. दक्षिण मुंबईत सिग्नलवर उभी राहून ६०,००० किलोमीटर झालेली २०१४ ची गाडी आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर धावून १,६२,००० झालेली गाडी यांपैकी एक निवडायला सांगितली, तर बिले पाहून मी बहुधा दुसरीच निवडीन.

आपण पाहिलेल्या ओलीकडे येऊ, कारण या गाडीतला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. या इंजिनात ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या खाली बसवलेला आहे (इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी). इंजिनातली ही फार तापणारी आणि हात न पोचणारी जागा. कूलरखालची रबरी सीले काही वर्षांनी कडक होतात, आणि त्यांतून झिरपलेले ऑइल घळीतून मागे वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून खाली टपकते. रॅम्पखाली उभ्या असलेल्या मेकॅनिकला साहजिकच वाटते की क्रँकचे मागचे सील गेले. कोकणातल्या एका हॉटेलमालकाची अशीच गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा गिअरबॉक्स दुसऱ्या एका गॅरेजात दोनदा उतरवून झाला होता, मागचे सील दोनदा बदलून झाले होते आणि ओल जशीच्या तशी होती. आम्ही इनटेकच्या फटीतून बारीक कॅमेरा आत सोडला, तर घळीत दोन बोटे खोल काळे ऑइल साचलेले दिसले. बदलायची सीले तळहातावर मावतात आणि त्यांची किंमत एका बऱ्या जेवणाच्या बिलाएवढी असते. तिथे पोचण्यासाठी मात्र टर्बो, दोन्ही मॅनिफोल्ड, डिझेलच्या नळ्या असे सगळे उतरवावे लागते, आणि त्याला दोन माणसांचे दोन ते तीन दिवस जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आमच्या धंद्यात या कामाइतकी चपखल दुसरीकडे कुठे बसत नाही. आमच्याकडे हे काम ५० ते ७० हजारांत होते.

याच कामात आणखी एक गोष्ट उरकून घ्यावी लागते, आणि घाईत काम करणारे तीच विसरतात. टर्बोमध्ये हवा जिथून शिरते तिथे एक रबरी रिंग असते. क्रँककेसमधून येणारी तेलकट वाफ त्या जोडातून पाझरू लागली की ऑइलचे थेंब नेमके खाली असलेल्या इनटेक फ्लॅपच्या, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या झडपांच्या, मोटरवर पडतात. मोटर आतून तेलकट होऊन बंद पडते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करून चालू लागते. रिंग काही शे रुपयांची, मोटर काही हजारांची आणि तिथे पोचायची मजुरी पुन्हा तीच. इंजिनाचा वरचा भाग एकदा उघडला आहे तर ही रिंग, फ्लॅपच्या दांड्या आणि ब्रीदर (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा भाग) पाहून घेतल्याशिवाय तो बंद करू नये. ग्राहक ‘जेवढे सांगितले तेवढेच करा’ म्हणतो तेव्हा मला हे लिहून द्यावे लागते.

इंजिन उघडलेले नसतानाही दोन गोष्टी ऐकून कळतात. इंजेक्टरच्या तळाशी तांब्याचा वॉशर असतो. तो सुटला की थंड इंजिनावर बॉनेटजवळ फुस्स-फुस्स असा बारीक आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. महिन्याभरात लक्ष दिले तर काम किरकोळ आहे, वर्षभर तसेच चालवले तर इंजेक्टर बाहेर काढणे हेच मोठे काम होऊन बसते. थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचेही तसेच. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ते गंजून घट्ट बसतात आणि जोर लावला की तुटतात, म्हणून ते नेहमी गरम इंजिनावर आणि धीराने काढायचे असतात.

हवेवरच्या सस्पेन्शनबद्दल विक्रेत्याने जे सांगितले ते खोटे नाही, पण अर्धे आहे. या गाडीला लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबरी हवापिशव्या आहेत. पुढच्या दोन पिशव्या शॉकअपसकट एकाच नगात येतात, मागच्या दोन स्वतंत्र असतात, आणि या चौघींना हवा पुरवायला एक छोटा कॉम्प्रेसर असतो. रात्री थंडीने चारही कोपरे सारखेच, बोटभर खाली येणे स्वाभाविक आहे. एकच कोपरा बसत असेल तर बहुधा त्या कोपऱ्याची पिशवी किंवा तिची नळी गळते आहे. ‘सुरू केली की उठते’ या वाक्याचा खरा अर्थ असा की गळलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर रोज जादा राबतो. तो सतत राबण्यासाठी बनवलेला नाही. तो तापतो, त्याची पिस्टन-रिंग झिजते, त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटला तर बंद व्हायचे विसरतो आणि एके दिवशी जळतो. त्या सकाळी गाडी चारही बाजूंनी टेकलेली असते. अडीच टनांच्या आसपास वजनाची टेकलेली गाडी कशेडी घाटातून टो करून आणण्याचा खर्च मी वेगळा सांगत नाही. मागची पिशवी चांगल्या बदली कंपनीची घेतली तर नगाला १५ ते २५ हजार, पुढचा शॉकअपसकट नग बदली कंपनीचा ४० हजारांच्या पुढे आणि मूळ कंपनीचा त्याच्या दुपटीच्या आसपास, कॉम्प्रेसर ४० ते ६० हजार, हे माझ्याकडचे ठोकळ भाव आहेत. पिशव्या नेहमी जोडीने बदलाव्यात, कारण एक गेली तेव्हा दुसरीचेही तेवढेच वय झालेले असते. पिशव्या काढून लोखंडी स्प्रिंग बसवून देणारे लोक आहेत. तो पर्याय मी सुचवत नाही. त्या गाडीच्या चालण्याचा सगळा तोल या हवेवर बेतलेला आहे, आणि तोच घालवायचा असेल तर मग ही गाडी कशाला घ्यायची?

गिअरबॉक्स सात गतींचा ऑटोमॅटिक आहे आणि त्याची यंत्रणा भक्कम आहे. दुखरी जागा आहे ती त्याच्या पोटात, गरम ऑइलमध्ये बुडालेली इलेक्ट्रॉनिक पट्टी. तिच्यावरचा वेग मोजणारा सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. पट्टी बदलता येते, परंतु ती चोरीप्रतिबंधक भागांत मोडत असल्याने नवी पट्टी त्या विशिष्ट गाडीच्या क्रमांकाशी ऑनलाइन जुळवून घ्यावी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जुनी पट्टी आणून लावली आणि गाडी निघाली, असे इथे होत नाही. या कामाला लाख-सव्वा लाख धरून चालावे. त्यापासून वाचण्याचा माझ्या माहितीतला एकच उपाय म्हणजे ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलणे. ‘आयुष्यभराचे ऑइल’ असे कोणी सांगितले तर कोणाच्या आयुष्यभराचे, हे विचारावे. मी ६० ते ७० हजार किलोमीटरवर बदलतो. या गिअरबॉक्सला निळ्या रंगाचे ऑइल लागते. आधीच्या पिढीचे लाल ऑइल त्यात मिसळलेले चालत नाही. बिलावर ‘गिअर ऑइल’ एवढेच लिहिले असेल तर कोणते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ब्रेक, टायर, बॅटरी, बुश यांची यादी लांबवत नाही. ही झिजणारीच सामग्री आहे आणि जड गाडीत ती लवकर झिजते. टायरच्या कडेला शेवटी जे चार आकडे असतात ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी घाटात वापरू देत नाही.

मीटरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण १,६२,००० हा आकडा खरा आहे असे आपण गृहीत धरले आहे. मीटर मागे फिरवणारे बहुधा डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात, पण या गाड्यांत अंतराची नोंद एकाहून अधिक ठिकाणी राहते, शिवाय जुन्या बिघाडांच्या नोंदींबरोबर त्या वेळचे किलोमीटरही साठवलेले असतात. कंपनीचे निदान-यंत्र लावून हे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवले की गोम कळते. गेल्या वर्षी मी एक गाडी तपासली. मीटर सांगत होते ८८,०००, आणि गिअरबॉक्सच्या मेमरीत १,३१,००० वर नोंदलेला एक बिघाड शांतपणे बसलेला होता. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागणे. पहिल्या मालकाच्या काळातल्या नोंदी सलग असतील आणि दुसऱ्याच्या काळात कोरी जागा असेल, तर त्या कोऱ्या जागेची किंमत आपल्याला मोजायची आहे असे समजावे. या इंजिनाला साडेआठ लिटरच्या आसपास ऑइल लागते आणि तेही मर्सिडीजने ठरवलेल्या २२९.५१ किंवा त्यापुढच्या दर्जाचे. दुसरा मालक इथेच काटकसर करतो, कारण त्यानेही गाडी स्वस्त मिळाली म्हणूनच घेतलेली असते.

गाडी पूर्वी कुठे होती, हेही विचारा. पुणे, मुंबई आणि सोलापूर या शहरांत कमी गंधकाचे बीएस ४ डिझेल एप्रिल २०१० मध्ये आले, देशभर ते टप्प्याटप्प्याने एप्रिल २०१७ पर्यंत पोचले. त्यामुळे सुरुवातीची वर्षे आडगावच्या पंपावर काढलेल्या गाडीचा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक जास्त काजळलेला सापडतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या महागड्या डिझेल गाड्या पडत्या भावात आपल्याकडे येऊ लागल्या. त्या वाईटच असतात असे नाही, पण महाराष्ट्राचा कर आणि ना-हरकत प्रमाणपत्राचा खटाटोप किमतीत धरावा लागतो. आपली गाडी पहिल्यापासून महाराष्ट्राची असेल तर हा प्रश्न नाही. मात्र २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर तिने पाहिला नाही ना, हे तपासायला हवे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची रेघ राहते. पॅनोरमिक छताच्या निचरा-नळ्या पाल्याने तुंबल्या तरी पाणी गालिच्याखाली शिरते, तेव्हा ओल दिसली म्हणजे पूरच, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

पैशांचा हिशेब आता बांधता येतो. आपल्या वर्णनावरून पहिल्या वर्षी ऑइल कूलरच्या सीलांचे काम, मागच्या दोन पिशव्या, बहुधा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचे ऑइल, सगळे फिल्टर बदलून एक पूर्ण सर्व्हिस, ब्रेक आणि चार टायर एवढे निघेल असे मी धरतो. स्वतंत्र गॅरेजात याची बेरीज साडेतीन ते चार लाख होते, अधिकृत ठिकाणी दीडपट ते दुप्पट. त्यापुढे दरवर्षी दीड लाख बाजूला ठेवावेत. एखाद्या वर्षी त्यातले पन्नास हजारच लागतील आणि पुढच्या वर्षी दोन लाखही पुरणार नाहीत. सरासरी हा शब्द या गाड्यांच्या बाबतीत फसवा आहे, कारण खर्च सरासरीने येत नाही, एकदम येतो. डिझेल घाटरस्ता धरून लिटरला आठ-नऊ किलोमीटर, विम्यात शून्य घसारा (जुन्या भागाच्या झिजेपोटी रक्कम न कापता भरपाई) या वयाला बहुधा मिळत नाही, आणि २०२९ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर आहेच.

हे आकडे वाचून छातीत धस्स झाले असेल तर याच रकमेत चांगली वापरलेली इनोव्हा क्रिस्टा घ्यावी, सहा माणसांना ती पुरते आणि साताऱ्यात कोणीही तिचे काम करू शकतो. तिच्यात जीएलसारखी शांतता नाही, १०० च्या वेगाला गाडी रस्त्यात मुरल्यासारखी वाटत नाही, हे मी नाकारत नाही. मी स्वतः अशीच एक जुनी गाडी बाळगून आहे. पण माझे गॅरेज माझ्याच घराखाली आहे. आपली ही एकमेव गाडी असेल तर घेऊ नये. घरात दुसरी साधी गाडी असेल, चार लाख वेगळे ठेवलेले असतील आणि सर्व्हिसची नोंद किमान १,२०,००० पर्यंत सलग निघाली, तर साडेदहा लाखांना मागणी करावी आणि अकरा लाखांच्या वर जाऊ नये. मागच्या पिशव्या आणि ऑइलची ओल ही दोन कारणे विक्रेत्याला नाकारता येणार नाहीत.

तपासणीसाठी गाडी विक्रेत्याकडून आदल्या संध्याकाळी आणवून माझ्याकडे किंवा आपल्या विश्वासातल्या कुठल्याही जर्मन गाड्यांच्या गॅरेजात रात्रभर उभी ठेवावी. उभी करताना चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने अंतर मोजून कागदावर लिहावे आणि सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजावे, कारण नुसत्या दार उघडण्यानेही सस्पेन्शन जागे होऊन उंची सावरू लागते. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावे. विक्रेता रात्रभर गाडी द्यायला तयार नसेल, किंवा सकाळी बॉनेटला हात लावल्यावर ते कोमट लागले, तर त्या दिवशी पुढे काही तपासू नये.